टोचन न लावता बारामती

माझा आजवर बऱ्याच ठिकाणी अपमान झालेला आहे. भर वर्गात झालाय, लग्नाच्या पंगतीत झालाय, बँकेच्या खिडकीसमोर तर नेहमीच होतो. पण ट्रॅक्टरला दोरानं बांधलेल्या गाडीच्या स्टेअरिंगवर बसून गावातून जाण्यासारखा पक्का अपमान दुसरा नाही. कारण तिथं आपली फजिती आपल्यालाच नीट वळणावरून वळवून घ्यावी लागते. ब्रेकवर पाय ठेवायचा, दोर सैल पडू द्यायचा नाही, ट्रॅक्टरच्या मागच्या फळीवर गाडी आपटू द्यायची नाही, आणि वर दुतर्फा उभ्या असलेल्या माणसांकडं बघून काहीच झालं नाही असा चेहरा करायचा.

गाडी अशी ओढत नेण्याला आमच्याकडं टोचन म्हणतात. माझ्या गाडीला टोचन लावायचा मान नेहमी माझ्या धाकट्या दिराचा. तो ट्रॅक्टर मुद्दाम सावकाश चालवायचा. कळंबच्या पारापाशी आला की आणखी सावकाश. पारावरच्या म्हाताऱ्यांनी विचारायच्या आतच सांगायचा, "वहिनींची गाडी दमलीया. इसाव्याला घिऊन चाललोय." मी आत बसून दात आवळत असायचे. मला राग फार लवकर येतो आणि तो लपवता येत नाही, हे त्याला लग्नापासून ठाऊक आहे.

गाडी म्हणजे पांढरी ॲम्बॅसिडर. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी ती घेतली तेव्हा मी या घरात आलेही नव्हते. मी इंदापूरची. लग्न होऊन कळंबला आले आणि पुढच्याच उन्हाळ्यात आबांनी मला हिच्यावर गाडी शिकवली. तेव्हा आमच्या भावकीत बायका गाडीच्या मागच्या सीटवर बसत, तेही कडेला. आबांना कुणीतरी पारावर हटकलं, सुनेला कशाला शिकवताय म्हणून. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मला पारावरून दोन फेऱ्या जास्त मारायला लावल्या. पुढं मला बारामतीच्या हायस्कुलात भूगोल शिकवायची नोकरी लागली, आम्ही नवराबायको जळोचीला राहायला गेलो, नवऱ्यानं चकचकीत नवी गाडी घेतली. तिच्यात सगळं आहे. पण गाडी म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर हीच येते, त्याला मी काय करू?

तिचं पेट्रोलचं इंजिन म्हातारं झालं आणि ती शेडमध्ये उभी राहिली. बॉनेटवर कोंबड्या बसायला लागल्या, मागच्या सीटवर खताची पोती आली. एका शनिवारी गावाला गेले तर स्टेअरिंगला दिरानं शेळीचं दावं अडकवलं होतं. त्या दिवशी मी जाहीर केलं की हिच्यात दुसरं इंजिन बसवणार.

घरात जे हसणं झालं ते मी विसरलेले नाही. नवरा हसला नाही, पण त्याला अचानक विहिरीवरची मोटार चालू करायला शेतात जावंसं वाटलं. आबा म्हणाले, "कर. तुजी हौस." एवढंच.

मोडीत निघालेल्या एका जीपचं डिझेल इंजिन बारामतीत मिळालं. कागदपत्रं रीतसर करून घेतली. मिस्त्री बोलायला एकदम पक्का. त्यानं इंजिन उतरवलं, चढवलं, नव्या पट्ट्या वेल्ड केल्या आणि छातीवर हात मारून सांगितलं, "मॅडम, आता ही कन्याकुमारीला जाईल." मी म्हटलं, कन्याकुमारी राहू दे, कळंबला जाऊ दे. तेवढी मात्र ती गेली. बारामतीतून निघाले ती सरळ घराच्या अंगणात. फक्त डिझेलच्या वासानं माझं डोकं असं फिरलं की उतरल्या उतरल्या मी कट्ट्यावर बसले आणि लिंबू मागितलं. मला तो वास पहिल्यापासून सोसत नाही. एसटीच्या मागच्या सीटवरही मी कधी बसत नाही.

दुसऱ्याचं इंजिन घातलेली गाडी म्हणजे नव्या घरात नांदायला आलेलं माणूस. आधी भांड्याला भांडं लागतंच. पहिल्यांदा लागलं ते थरथरीचं. उभ्या गाडीत आरशात मागची एसटी दोन-दोन दिसायची. इंजिनाखालची रबरं टणक पडली होती, ती बदलली, तेव्हा एसटी एक झाली. मग गाडी तापायला लागली. जीपचं इंजिन आखूड, त्यामुळं पंखा रेडिएटरपासून हातभर लांब राहिलेला. तो वारा ओढायचा खरा, पण इकडचा तिकडचा, रेडिएटरमधून नाही. याला पंख्याभोवती पत्र्याचं कडं लागतं, हे मी शोधून काढलं आणि ते कडं गोडेतेलाच्या डब्यातून कापून दिलं माझ्या दिरानं. चेष्टा करत करतच कापलं, पण इतकं सुबक कापलं की मला त्याच्यावर धड रागावताही येईना.

मग स्टार्टर कण्हायला लागला. मिस्त्री म्हणाला बॅटरी. बॅटरी नवी घातली तरी कण्हणं तेच. एका सकाळी मी चावी फिरवली आणि ॲक्सिलरेटरच्या तारेतून धूर आला. बॉनेट उघडून बघते तर इंजिन आणि गाडीचा सांगाडा जोडणारी जाड पट्टी बसवायचीच राहिलेली. करंट बिचारा वाट मिळेल तिथून, त्या बारीक तारेतून परत जात होता. मी मिस्त्रीला फोन करून जे बोलले ते शिक्षिकेला शोभणारं नव्हतं. पण पट्टी बसल्यावर गाडी अर्ध्या चावीत उठली. त्या दिवशी मी अंगणात एकटीच टाळ्या वाजवल्या.

एवढं सगळं मी जिंकले होते. आणि तरीही गाडी बारामतीला पोचत नव्हती.

दुखणं असं होतं. कळंबहून निघायचं, जंक्शनच्या चौकातून बारामतीच्या रस्त्याला लागायचं, गाडी नुसती गुळगुळीत चालायची. लासुर्णे मागं पडायचं, आणि बेलवाडीच्या आसपास कुठंतरी तिचा दम जायचा. आधी जोर कमी व्हायचा, मग दोन उचक्या, मग बंद. कडेला घ्यायची. डिझेलचा काटा नव्या इंजिनाबरोबर चालेनासा झालेला, त्यामुळं सगळ्यात आधी बरोबरचा पुरुष उतरायचा, टाकीचं झाकण काढायचा आणि काडी घालून डिझेल बघायचा. डिझेल भरपूर. मग बॉनेट उघडायचं, डिझेल वर खेचायचा हातपंप खटाखटा मारायचा, की गाडी सुरू. कधी माघारी घरापर्यंत यायची, कधी वाटेत परत बंद पडायची, मग ट्रॅक्टर.

सगळ्यांचं एकच मत, पाइपात हवा धरतीय. मिस्त्रीनं पाइप बदलले, फिल्टर बदलला, वायसर बदलले. एकदा स्वतः कळंबला आला. झाकण काढून डिझेल बघितलं, पंप मारला, गावाच्या कमानीपर्यंत फेरी मारून आला आणि म्हणाला, "कायबी न्हाय हिला. मॅडम, तुमी क्लच दाबून धरत असाल." मी त्याला चहा दिला नाही.

पुन्हा एकदा टोचन लागलं त्या संध्याकाळी आबांनी निकाल दिला. घरात नवा मोठा ट्रॅक्टर यायचा होता. उसाच्या हंगामाआधी शेडमध्ये एकाच वाहनाची जागा उरली होती. दिरानं भंगारवाल्याशी बोलणंही करून ठेवलं होतं. आबा ओसरीवर बसले होते. म्हणाले, "कारखाना पेटायच्या आत गाडी बारामतीला जाऊन माघारी ईल. टोचन न लावता. आली तर शेडात ऱ्हाईल. न्हाय आली, तर भंगारवाला घिऊन जाईल. आता ह्यावर बोलनं न्हाय."

मला त्यांचा भयंकर राग आला. लोकांनी हसावं, दिरानं हसावं, ते मी समजू शकते. पण ज्या माणसानं मला या गाडीवर बसवलं त्यानंच तिला पत्र्याच्या भावात काढावं, हे मला लागलं. मी जेवले नाही. म्हणजे भाकरी खाल्ली, पण बोलले नाही, आणि आमच्या घरात माझं न बोलणं हे न जेवण्यापेक्षा मोठं मानतात.

साखर कारखान्याची चिमणी धूर सोडायच्या आधीचा शेवटचा रविवार. आता नाही तर कधीच नाही. नवरा शाळेच्या मित्राच्या वास्तुशांतीला इंदापूरला गेला होता. मी एकटीच निघाले तर आबा काठी टेकत आले आणि पुढच्या सीटवर बसले. "म्या येतो. नंतर कुनी म्हनाय नको, मधनंच माघारी फिरली म्हनून." दीर ट्रॅक्टरच्या टपावर दोर गुंडाळून ठेवत होता. "वहिनी, फोन चालू ठेवा. बेलवाडीपत्तुर येतोच म्या."

"तू यायची गरज पडणार नाही, भावजी," मी म्हणाले. आवाज ठाम होता. उत्तराची वाट न बघता चावी फिरवली.

जंक्शन गेलं. लासुर्णे गेलं. दोन्ही बाजूला तोडणीला आलेला ऊस. मी मनातल्या मनात तिच्याशी बोलत होते, आज नको गं, आज नको. बेलवाडीच्या अलीकडं पायाखालचा जोर मेला. एक उचकी. दुसरी उचकी. मी गाडी बाभळीखाली घेतली आणि ती गपगार झाली.

आबांनी बंडीच्या खिशातून फोन काढला. "लावू का धाकट्याला?"

"नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या शेतातला माणूस वळून बघायला लागला. "टोचन लावायचं नाही. मी बघते."

दार आपटून मी खाली उतरले. आता बघायचं काय? नेहमीचंच. आजवर दर वेळी मी स्टेअरिंगवर बसून राहिले होते आणि झाकण काढायला दीर नाहीतर नवरा उतरला होता. आज पुरुष आतच बसलेला, गुडघे धरून. मी मागं गेले आणि टाकीच्या झाकणाला हात घातला. झाकण फिरलं, पण निघेना. आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं. दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा ते निघालं आणि टाकीतून लांबलचक आवाज आला, सुर्रर्र, हवा आत जाण्याचा.

मी तशीच उभी राहिले. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. शाळेला मी रोज डबा नेते. सकाळी घाईत गरम भाजी भरून झाकण दाबलं की मधल्या सुट्टीत ते निघता निघत नाही, आणि निघालं की अस्साच आवाज करतं.

म्हणजे टाकीत हवा नव्हती! पाइपात हवा शिरतीय म्हणून आम्ही पाइप बदलत बसलो होतो, आणि खरं दुखणं बरोबर उलटं होतं. टाकीत हवा शिरतच नव्हती. डिझेल संपत जाईल तशी त्याच्या जागी हवा यायला पाहिजे. ती आली नाही की टाकी डिझेल धरून ठेवते, पंप ओढतो, ओढतो आणि दमतो. जो तो डिझेल बघायला झाकण हिसका देऊन काढायचा, आवाजाकडं लक्ष न देता, तेव्हा हवा आत जायची आणि गाडी बरी व्हायची. बरी केली टाकीत डोकावणाऱ्यानं आणि श्रेय घेतलं हातपंपानं. मिस्त्रीच्या हाताखाली ती बंद पडत नव्हती, कारण तोही आधी झाकणच काढायचा.

मी झाकण उलटं केलं. आत काळ्या रबराची गोल चकती बसवलेली, अगदी मापात, कडेनं चिकटवलेली, बघणाऱ्याला झाकणाचाच वायसर वाटावा अशी. हवेसाठी झाकणाला जे बारीक भोक असतं ते तिच्याखाली पार गाडलं गेलं होतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मिस्त्री!" मी रस्त्यावरच म्हणाले, "आता तुला सोडत नाही." आणि नखांनी ती चकती ओरबाडून काढली, खिडकीशी गेले, आबांच्या नाकासमोर धरली. "हे बघा. हे बघा, आबा! या एवढ्याशा रबरानं माझी गावभर वरात काढली. द्या तो फोन. कुठल्या गाढवानं हे लावलं ते त्याच्या तोंडून ऐकायचंय मला."

आबांनी फोन दिला नाही. चकतीकडं बघितलं, मग समोर काचेतून उसाकडं.

"त्याला कशाला फोन लावतीस," ते म्हणाले. "म्या लावलंय ते."

"तुम्ही?"

"ट्रॅक्टरच्या ट्यूबचं हाय. चांगली ट्यूब हुती." त्यांनी काठी दोन गुडघ्यांत उभी धरली. "पयल्या दिवशी तू उतरलीस आन कट्ट्यावर बसलीस. लिंबू मागितलंस. म्या मागं जाऊन हुंगून बघितलं. वास टाकीच्या झाकनातनं येतुया आसं वाटलं. तुला सोसत न्हाय. म्हनलं, बंद करून टाकू."

माझ्या हातात ती चकती. कात्रीनं नव्हे, विळ्यानं कापलेली असणार, कडेला बारीक बारीक खाचा दिसत होत्या. इतका बारीक गोल कापायला या माणसाला किती वेळ लागला असेल, आणि तेही चष्मा न लावता. मी ज्यांच्यावर दोन आठवडे दात खात होते, त्यांनी निकाल द्यायच्या कितीतरी आधी माझ्यासाठी बसून हे कापलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. मला रडू आलं. रस्त्यावर, भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांसमोर. मी डोळे पदराला पुसले आणि हसूही यायला लागलं, ते काही थांबेना.

"हसतीस काय?"

"आबा, गाडी तुम्हीच बंद पाडत होता आणि भंगारात तुम्हीच घालत होता!"

"मला काय ठावं, टाकीला नाक लागतं म्हनून," ते वैतागून म्हणाले. मग त्यांचीही मिशी हलली. "आता चालती का बघ की. का हितंच उभी ऱ्हानार?"

रबर मी उसात भिरकावलं. झाकण घट्ट लावलं. हातपंप मारला. चावी फिरवली. इंजिन उठलं.

सणसर आलं आणि गेलं. भवानीनगर आलं आणि गेलं. मी दर मैलाला तिच्या आवाजाकडं कान लावत होते, आणि ती आपली एकसुरात, पोटभर जेवलेल्या म्हशीसारखी रवंथ करत चाललेली. आबांच्या डाव्या हाताची बोटं दाराच्या कडेवर ताल धरत होती. बारामतीत शिरलो. मला जळोचीला घरी जाऊन पाणी प्यायचं होतं, आबा म्हणाले, इंजिन बंद करू नको. म्हणून आम्ही चौकातल्या चहाच्या टपरीसमोर गाडी चालूच ठेवून खिडकीतून चहा घेतला. मिस्त्रीचं गॅरेज वाटेवर होतं. मी त्याच्या दारासमोर मोठ्ठा हॉर्न दिला आणि न थांबता पुढं निघाले. तो हातात पाना घेऊन बाहेर आलेला आरशात दिसला. एकच दिसला, थरथर नाही काही नाही.

परतीच्या वाटेवर बेलवाडी जवळ आली तसे आम्ही दोघंही श्वास धरून बसलो. ती बाभूळ आली. बाभूळ गेली. आबा मागं वळून त्या बाभळीकडं बघत राहिले, अशी काही नजर लावून की जणू तिनंच आजवर गाडी अडवून धरली होती. "गेली," ते म्हणाले. "गेली की गं पोरी." आणि मी सगळ्या खिडक्या खाली घेऊन भर रस्त्यावर ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण शब्द नव्हता तो.

डिझेलचा वास मात्र येत होता. चांगला येत होता. डोकं गरगरत होतं, तोंडाला पाणी सुटत होतं. मी नाकानं श्वास घ्यायचा बंद केला आणि गाडी चालवत राहिले.

कळंबच्या पारावर म्हातारी मंडळी बसलेलीच होती. त्यांनी सवयीनं आधी आमच्या पुढं ट्रॅक्टर शोधला. तो नव्हता. आबांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि तो तसाच, उगीचच, सगळा पार संपेपर्यंत बाहेर ठेवला.

अंगणात शिरलो तर दीर शेडमध्ये, गाडीच्या जागेवर लावलेल्या ट्रॅक्टरवर बसला होता. शेजारी भंगारवाल्याचा टेम्पो उभा. भंगारवाला आमच्याकडं बघत, आमच्यापेक्षा गाडीकडं बघत खाली उतरला. आबा उतरले, काठी टेकली, कंबर सरळ केली.

"पावनं, च्या घ्या आन जावा," ते त्याला म्हणाले. मग दिराकडं वळले. "ट्रॅक्टर भाईर काढ. नवा आला की त्योबी भाईरच ऱ्हाईल. ताडपत्री घाल त्याच्यावर. शेडात गाडी लागंल."

दिरानं टपावरचा दोर उचलला, कोपऱ्यात फेकला आणि ट्रॅक्टर मागं घेतला. जाता जाता मला म्हणाला, "वहिनी, मानलं. पर पंख्याचं कडं माझं हाय, ध्येनात ठिवा."

"ठेवते, भावजी."

मी गाडी शेडमध्ये घेतली. एका दमात, न घासता. इंजिन बंद केलं, खाली उतरले, शेवग्याच्या झाडापर्यंत कशीबशी पोचले आणि तिथं मला भडाभडा ओकारी झाली. पोटात होतं नव्हतं ते सगळं गेलं. मी झाडाला धरून उभी होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि इतकी खूश मी माझ्या लग्नातही नव्हते. जिंकलेला माणूस ओकला तरी जिंकलेलाच असतो.

आबा तांब्या घेऊन आले. माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. मी चूळ भरली. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा शेडकडं.

"लईच तरास झाला न्हवं तुला," ते म्हणाले. "उद्या बघतो त्या वासाचं दुसरं कायतरी."

"आबा," मी म्हणाले, "त्या टाकीला हात लावायचा नाही!"